लाईट गेली का बुढी गेली

अन् नुसती जात नाही वो बायांनो, उशी घेऊन जाते. तुमाले सांगते, अख्ख्या देऊळघाटात माह्याएवढं सासूचं कोणी करत असन त मले आणून दाखवा. सकाळी आंघोळीचं पाणी मी काढून देते, दात नाहीत म्हणून भाकर दुधात मी कुस्करते, गुडघ्याले तेल मी चोळते, अन् दुपारी बुढीचा जरा डोळा लागला का पंखा थांबते... का उठली बुढी, उशी काखेत मारली अन् चालली पलीकडं. पलीकडं म्हणजे कुठं? भिंतीच्या पलीकडं, माह्या धाकट्या जावेकडं. दोघा भावांनी घर वाटून घेतलं, मधात भिंत घातली, बुढी आमच्या वाट्याले आली अन् इन्व्हर्टर घेतला त्यायनं. मंग काय होईन? लाईट गेली का बुढी गेली.

अन् ते अर्पिता, माही जाऊ, कशी बोलते माहीत हाय? “याऽ ना आत्याबाई, पंख्याखाली बसा, किती घाम आला माह्या मायले.” माह्या मायले म्हणे. आता मले सांगा, तिनं कधी बुढीचं लुगडं धुतलं काय? बुलढाण्याच्या दवाखान्यात नंबर लावून कोण बसलं होतं, ते का मी? मी मरमर मरू अन् हिनं निस्तं एक बटन दाबलं का सासू हिची! जळते मी, हाव, जळते. लपवू कशाले?

तेवढ्यात मोबाईलवर निरोप आला, शनिवारी लाईनचं काम हाय, दिवसभर लाईट राहणार नाही. साऱ्या गल्लीची धावपळ सुरू झाली, कोणी दळण आणून राह्यलं, कोणी टाकी भरून राह्यलं, कोणी मिक्सरमधून चटणीच काढून ठेवून राह्यलं. अन् माह्या डोक्यात एकच, शनिवारी दिवसभर... म्हणजे बुढी दिवसभर तिकडं! जेवणं तिकडं, झोपणं तिकडं, अन् संध्याकाळी येऊन मले सांगणार, “अर्पितानं कढी मस्त केली होती.” मी नवऱ्याले म्हतलं, आपल्याले बी इन्व्हर्टर पाह्यजे. तर आमचे हे म्हणतात, “काऊन? माय तिकडं जराशी हवा खाते त खाऊ दे ना, तुह्यं काय जाते?” माह्यं काय जाते? माही सासू जाते! दोन दिवस भाजीत मीठ टाकलं नाही, तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टर घरात.

वायरिंगवाला हरिओम आला, म्हणे, “वहिनी, लाईन कशाले देऊ? टीव्ही? फ्रीज?” म्हतलं, बाबू, टीव्ही नको न फ्रीज नको, बुढीच्या खाटेवरचा पंखा फिरला पाह्यजे. बॅटरीले हळदी-कुंकू वाह्यलं, नारळ फोडला. शुक्रवारी खाट बरोबर पंख्याखाली सरकवली, नवी चादर टाकली, अन् शनिवारी सकाळीच कोहळ्याचे गोड बोंडं तळून ठेवले, बुढीच्या आवडीचे. म्हतलं, आता जा कुठं जाते त.

गेली लाईट. साऱ्या गल्लीतले पंखे थांबले अन् आमचा आपला फिरून राह्यला. बुढीचा हात सवयीनं उशीवर गेला. म्हतलं, “आत्याबाई, ठेवा उशी खाली. वर पाहा.” बुढीनं वर पाह्यलं. तुमाले सांगते, न सांगता आलेल्या पाव्हण्याकडं पाह्यतात ना, तशी पाह्यली त्या पंख्याकडं. भिंतीकडं तोंड करून पडली. बोंडाले हात लावला नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, “आत्याबाईऽ, लाईट गेली वोऽ, येता ना?” अन् बुढी बारीक आवाजात म्हणते, “नाही वो माय... इकडं चालूच हाय.”

मले वाटलं ताप आला. कपाळाले हात लावला, म्हतलं, काऊन वो आत्याबाई, काय झालं? त बुढी काय म्हणते, “मोठे, मले पोरं दोन. एकाच्या घरी राह्यते, त दुसऱ्याच्या घरी जायले मले काही कारण पाह्यजे का नाही? लाईट असताना गेली त तू दिवसभर भांडे आपटते. लाईट गेल्यावर गेली त तुले बोलाले जागा नव्हती.”

आता बोला. मी भांडे आपटते? म्हणजे... एखांदं निसटते हातातून, नाही म्हणत नाही. पण ते तोंड पाह्यलं ना तिचं, त्या गरगर फिरणाऱ्या पंख्याखाली, एवढंसं झालेलं... अन् तरी जळलीच मी, खोटं काऊन बोलू? एवढ्या वर्षांच्या तेलाले, पाण्याले काही भाव नाही, अन् बुढी वाट कशाची पाह्यते, त लाईट जायची!

लाईट गेली का बुढी गेली, दुसरं काय. आता साऱ्या गावात लाईट गेल्यावर लोकं इन्व्हर्टर चालू करतात, अन् मी एकटी उठून बंद करते, पदरानं वारा घेत बसते, अन् म्हणते, “जा आत्याबाई, आपली बॅटरी उतरली वाटते.”