माझ्याशिवाय तिथं कुणी जात नाही

तोपियास : आधी कॉफी घ्या, आउनेकाकू. ही बातमी कॉफीशिवाय सांगायची नाही, असा नियम आहे. पालिकेचा नाही, माझा.

आउने : ओत मग. पण आधी सांग, नकाशावर चढली ना माझी दलदल? बुधवारी इथंच, पालिकेत, तुझ्यासमोर बोट ठेवून दाखवली मी. नवऱ्याला जन्मभर दाखवली नाही, तुला दाखवली. त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय तेव्हापासून.

तोपियास : नोंद पोचली. पोचली आणि रद्द झाली.

आउने : रद्द? तूच म्हणालास, पवनचक्कीवाले, वनखातं, शिकारी, सगळे आता एकाच सामाईक नकाशाला विचारणार की इथं कुणाचं येणंजाणं आहे का. नोंद नसेल तिथून चक्क्यांचा रस्ता जाणार. म्हणून तर तोंड उघडलं मी. जमीन सरकारी, माझी काय ती फळं वेचायची बादली.

तोपियास : सगळं तसंच आहे. शिकाऱ्यांनी दोनशे बारा नोंदी केल्या. एक मूस हरीण तर सहा जणांनी मारलंय. मासे धरणाऱ्यांच्या माशांची लांबी बघितली तर आपलं तळं पुरत नाही. पण दलदलीत पिकणारी लक्काची पिवळी फळं? आठशे वस्तीचं गाव, घरोघरी तळघरात लक्काच्या मुरंब्याच्या बरण्या, आणि नकाशाप्रमाणे हे फळ आपल्याकडे पिकतच नाही.

आउने : कुठं पिकतं ते सांगणार कोण? फिनलंडात माणूस बँकेचा आकडा सांगेल, लक्काची जागा नाही सांगायचा. एखादीच वेडी निघते माझ्यासारखी.

तोपियास : दोन निघाल्या. गुरुवारी त्याच दलदलीवर दुसरी नोंद आली. शेवटच्या रकान्यात तुमचंच वाक्य : माझ्याशिवाय तिथं कुणी जात नाही. दोघींपैकी कुणीतरी खोटं बोलतंय एवढं नकाशा चालवणाऱ्या त्या संगणकी साधनाला कळलं. कोण, ते कळेना, म्हणून दोन्ही नोंदी बाजूला काढल्या. उरलं ते ‘वापर नाही’.

आउने : खोटारडी आहे ती. तिथं मी आणि एक अस्वल. ते मेलं दरवर्षी पूर्वेकडचा तुकडा साफ करतं. कोण आहे ती?

तोपियास : मला परवापर्यंत नाव दिसत नव्हतं, वाद निघाला म्हणून दिसलं. ज्याची माहिती त्याच्याकडेच राहते, हीच तर खुबी होती. त्यांनाही पत्र गेलंय. आता येतीलच त्या.

(दार उघडतं. बुटांचा बर्फ झटकत आउनेची भावजय लेंपी आत येते, आणि दारातच थांबते.)

लेंपी : वन्सं, तुम्ही? आणि इथं?

आउने : तू कशाला आलीस?

लेंपी : ते... पत्र आलं होतं.

आउने : म्हणजे अस्वल तू.

लेंपी : मी? पश्चिमेकडची फळं दरवर्षी गायब असतात. मी आपली समजायचे, अस्वल.

आउने : अस्वलाच्या बादलीचा गोल ठसा उमटतो का कुठं मातीत?

लेंपी : ठसा तुम्हीही बघितला असणार. मग तुम्ही अस्वल का म्हणालात?

तोपियास : अस्वल दोघींनीही लिहिलंय. ते मात्र मंजूर झालं. दोन वेगवेगळ्या साक्षी मिळाल्या ना त्याला. नकाशाप्रमाणे तिथं माणूस जात नाही, अस्वल राहतं.

लेंपी : मग अस्वलासाठी तरी रस्ता वळवा.

तोपियास : अस्वलासाठी पाटी लावतात. ‘गाडी सावकाश हाका’.

आउने : लेंपी, तुला ती जागा सांगितली कुणी?

लेंपी : सासूबाईंनी. दवाखान्यात, सगळ्यांना बाहेर घालवून. म्हणाल्या, आउनेच्या कानावर जाता कामा नये.

आउने : मलाही दवाखान्यातच सांगितली. म्हणाली, लेंपीला कळू देऊ नकोस.

लेंपी : एकतीस वर्षं दर शनिवारी एका सावनात वाफ घेत बसतो आपण. पाठ चोळून देते मी तुमची.

आउने : कधी सांगितलं तुला?

लेंपी : फेब्रुवारीत. तुम्हाला?

आउने : मार्चात.

लेंपी : म्हणजे आधी मला.

आउने : म्हणजे शेवटी मला.

लेंपी : असू दे. तोपियास, आता एक ओळ लिहून टाक बाबा. ‘दोघी जातात.’ संपलं.

तोपियास : मुदत शुक्रवारी चारला संपली. आणि मला हात घालता येत नाही. साधन नऊ देशांत तपासून प्रमाणित केलेलं आहे. माणसानं हात घातला की प्रमाणपत्र जातं. शनिवारी मी कळवलं साधनवाल्यांना, की दोघी खऱ्या आहेत, फक्त एकमेकींना माहीत नव्हत्या. उत्तर आलं, साधन अपेक्षेप्रमाणे चाललेलं आहे, अभिनंदन.

आउने : पुढची फेरी कधी?

तोपियास : सप्टेंबरात. रस्त्याकडेचा चर मे महिन्यात खणतायत.

लेंपी : एकदा चर पडला की पाणी उतरलं. मग नुसतं गवत.

आउने : चला, निदान गुपित तरी गुपित राहिलं.

तोपियास : तेही नाही, काकू. रद्द झालेली जागा ‘वादग्रस्त’ म्हणून लाल दिसते, सगळ्यांना. कालपर्यंत सेहेचाळीस जणांनी उघडून बघितली. त्यात आमची आईपण आहे.

लेंपी : म्हणजे वाट सगळ्या गावाला कळली, आणि कागदावर तिथं कुणी जात नाही.

तोपियास : हो.

आउने : इतक्या शांतपणे कसं रे सांगतोस तू हे?

तोपियास : शांत कुठला. सकाळी कॉफी केली त्यात पूड घालायची राहिली. तुम्ही मघापासून गरम पाणी पिताय.

आउने : मला वाटलं, पालिकेची कॉफी अशीच असते.

तोपियास : मी तुम्हाला बोलायला लावलं, काकू. मी गप्प बसलो असतो तर...

आउने : तर रस्ता गेलाच असता. फक्त मला आईबद्दल कळलं नसतं. लेंपी, गाडी आणलीस?

लेंपी : आणलीय. घरी सोडू?

आउने : घरी नको. जुन्या लाकडी पुलापाशी सोड. तिथून चालेन मी.

लेंपी : मी पुलाकडून नाही जात, मला गिरणीकडची वाट ठाऊक. पण वन्सं, मार्च आहे. छातीएवढा बर्फ असेल, काही म्हणजे काही दिसायचं नाही तिथं.

आउने : बघायला कोण जातंय.