दहापैकी दोन

सांगतो ऐका. पाहिलेल्या सिनेमाला मी मार्क देतो, आणि खोटे देत नाही. त्यापायी गेल्या वर्षी नातीचं लग्न मोडायची वेळ आली होती.

मुलाकडचे कसब्यात आमच्या घरी आले होते. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आपण तो नवा मराठी सिनेमा पाहिलात का?"

"पाहिला. दहापैकी दोन."

आमच्या हिने डोळे वटारले. मुलाचे वडील हळूच म्हणाले, "आमच्या चिरंजीवांनी काम केलंय त्यात."

"कुठलं?"

"सुरुवातीला ते पालथं पडलेलं प्रेत दाखवलंय ना, ते."

नातीचा चेहरा उतरला. तिला मुलगा पसंत होता. पण म्हणून मी मार्क वाढवणार नव्हतो.

"ते दोन मार्क त्याचेच," मी म्हणालो. "अख्ख्या सिनेमात त्या एकट्यानेच ओव्हरॲक्टिंग केली नाही."

सगळ्यांत आधी मुलगाच हसला. लग्न ठरलं.

परवा नात माहेरी आली आणि म्हणाली, "आजोबा, सुट्टीच्या दिवशी हा दुपारपर्यंत अगदी तसाच पालथा पडलेला असतो. हाक मारली तरी हलत नाही."

म्हणजे तो अभिनय नव्हताच. दोन्ही मार्क मी परत घेतले.