विमानात मावेल एवढा मूस

"हॅलो? हॅलो, एनिड? … हो, मीच, अल्विन. … दुकानातून बोलतोय, नदीकाठच्या. … अगं ऐक ना! तुझा विश्वास बसायचा नाही. कुणाचाच बसायचा नाही! मूस मारला! … साधं हरीण नव्हे गं, घोड्याएवढा मूस! शिंगं अशी, की मध्ये पाळणा बांधावा! … आता म्हण, विमान पोसवत नाही म्हणून! … हो, ठरलंय ना आपलं. हिवाळ्याचं मांस विमानानं आणलं तर विमान राहील, नाही तर शनिवारी गिऱ्हाइकाच्या हवाली. … शब्द म्हणजे शब्द. आणलंय!"

घरापासून दूर, अलास्काच्या त्या रानात दुकान एक आणि फोनही एकच. शेगडीपाशी शेकत बसलेल्या मंडळींनी कान टवकारले. अल्विननं मिशीवरून पालथा हात फिरवला.

"केवढा? हत्ती गं, हत्ती! … कसा आणला म्हणजे? विमानातून! … दोघांपुरतं आहे हे मला सांगतेस? वीस वर्षं मीच बसतोय त्यात! … तुकडे केले, खेपा घातल्या. … किती म्हणजे… असतील सात-आठ."

"…"

"हो, पेट्रोल महागलंय. … परत? कधी? … एका खेपेला एवढं? … थांब, थांब, गुणाकार नको करूस! … अगं, सोन्याच्या भावानं कसं पडेल मांस? … हत्ती ही बोलायची रीत झाली. तसा मध्यमच होता. तीन खेपा."

"…"

"विम्याचं काय मध्येच? … वाढला, कबूल. म्हाताऱ्या विमानाला जास्तच मागतात. … आणि म्हाताऱ्या वैमानिकालाही, हो. कळतात मला टोमणे. … तपासणीवाल्याचा फोन? काय म्हणाला? … इंजिनाचे दोन सिलिंडर बदलायचे? … आणि उभं करायच्या जागेचं भाडंही?"

अल्विन खुर्चीत बसला. शेगडीपाशी कुणीतरी मुद्दाम खोकलं. त्यानं तिकडे पाठ केली.

"तीन कुठं म्हणालो? दोन! बारकाच होता गं. नुकता आईला सोडलेला. … शिंगं? शिंगं… यायची होती. … पाळणा म्हणालो तो बाहुलीचा. … अर्धं मांस रानात टाकून? छे! गुन्हा आहे तो, दंड कोण भरणार? सगळं आणलं. … बरं बाई, एकाच खेपेत! मांडीवर घेऊन!"

"…"

"वजन? … मांडीवर मावेल एवढं. … कान? … होते, जरा लांबच होते. … उड्या? … मारायचा मधूनमधून. … अगं हसतेस काय? … एनिड? … ऐक ना, पेट्रोल तर काहीच लागलं नाही, वारा पाठीशी होता, इंजिन बंद ठेवूनच…"

फोनमधून असा आवाज फुटला की अल्विननं तो हातभर लांब धरला, आणि एनिड थेट शेगडीपर्यंत पोहोचली:

"अल्विन, तू ससासुद्धा मारलेला नाहीस! ये घरी, आणि शनिवारच्या आत विमान पुसून ठेव!"