नवीन गिऱ्हाइकाचा दर

माधवी : काका, माज्यावर ओरडून काय उपयोग? दर मी वाढवलेला न्हाय. दरवर्षी एप्रिलात वरनंच वाढून येतोय, सगळ्यांचाच.

भरमा : सगळ्यांचा कुठं? बाहेर बोर्ड लावलाय की तुमीच. नवीन इंटरनेट घेणाऱ्याला चारशे नव्व्याण्णव. आन् मी पाच वर्सं तुमचं गिऱ्हाईक, मला आठशे नव्व्याण्णव. स्पीड त्योच, वायर तीच.

माधवी : ती ऑफर नवीन गिऱ्हाइकाला असती ओ.

भरमा : म्हंजे जुना झालो म्हणून दंड? चौतीस वर्सं बस डेपोत मेकॅनिक व्हतो मी मॅडम. रोज येणाऱ्या पाशिंजराला जादा तिकीट कधी फाडलं न्हाय आमी.

माधवी : बसा आधी. पाणी घ्या... एक सांगू? मी सांगितलं म्हणू नका कुठं. हे कनेक्शन बंद करायचं आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर नवीन घ्यायचं. निपाणीत लई जण तसंच करतात.

भरमा : मग ऑफर मिळती?

माधवी : मिळती की. फक्त हितल्या पत्त्याचं आधार पायजे. काकींचं घेऊन या.

भरमा : तिला जाऊन अकरा वर्सं झाली.

माधवी : ...मला म्हाईत नव्हतं. मग मुलगा, सून?

भरमा : एकच लेक. मैत्री. बेंगळूरात कंप्युटरमधी हाय. तिच्यासाठीच तर घेतलेलं हे. कोरोनात घरी आलती. दीड वर्स हितनंच काम केलं तिनं.

माधवी : त्या टायमाला लई कनेक्शनं दिली आम्ही.

भरमा : तिची मीटिंग चालू झाली की मी मिक्सर लावत नव्हतो. पाट्यावर चटणी वाटायचो. एकदा तिच्या साहेबानं इचारलं, मागं कोण उभं हाय? म्हणली, माझे बाबा, जेवायला बोलवाय लागलेत. साहेब म्हणला, मग जा, जेवून या. लई हसली त्या दिवशी.

माधवी : मग आता?

भरमा : हापीस उघडलं, गेली. पण जाताना म्हणली, नेट असू दे बाबा, महिन्यातनं आठ दिवस येऊन हितनं काम करत जाईन. म्हणून मोठा स्पीड ठेवलाय.

माधवी : येतात व्हय?

भरमा : पयल्या वर्षी दोनदा आलती... काम लई असतंय ओ तिला.

माधवी : मग लावा की फोन. आधारचा फोटो पाठवायला सांगा. ओटीपी आला की झालं, दोन मिनिटाचं काम.

भरमा : आत्ता कामात असंल.

माधवी : लावा ओ. निम्म्यानं पैसे वाचतात.

(भरमा फोन लावतो. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू आहे.)

मैत्री : बोला बाबा. पटकन, मीटिंगला चाललेय. तब्येत बरी आहे ना?

भरमा : बरी हाय गं. इंटरनेटवाल्यांच्या हापिसात आलोय. तुज्या नावावर घेतलं तर स्वस्त पडतंय म्हणं. तुज्या आधारचा फोटो धाड.

मैत्री : माझ्या आधारवर निपाणीचा पत्ता नाही आता.

भरमा : न्हाय कसा? मीच नेलतो की तुला काढायला.

मैत्री : मार्चमध्ये बदलला. फ्लॅटच्या कर्जाला इथलाच पत्ता लागत होता. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

भरमा : असं व्हय.

मैत्री : बाबा?... बाबा, ऐकू येतंय ना?

भरमा : येतंय, येतंय.

मैत्री : आणि एवढा मोठा प्लॅन कशाला ठेवलाय अजून? तुम्हाला एकट्याला मोबाईलचं नेट पुरेल. बंदच करून टाका.

भरमा : तू आलीस म्हंजे? आठ दिवस काम करायला?

मैत्री : अहो, आता पाचही दिवस ऑफिसला जावं लागतं. दोन वर्षं झाली त्याला. आले तर शनिवार-रविवार येणार, तेव्हा कशाला लागतंय नेट?... बाबा, बोलावतायत. संध्याकाळी करते.

भरमा : बरं. जेवलीस का गं?... मैत्री?

माधवी : कट झाला काका.

भरमा : व्हय. बोलवत व्हते न्हवं तिला.

माधवी : चहा सांगू?

भरमा : नको.

माधवी : मग असं करूया. सगळ्यात लहान प्लॅन आहे, तो तुमच्याच नावावर करते. फक्त पुढं परत मोठा पायजे झाला, तर त्या वेळचा दर पडंल. गडबड न्हाय, विचार करून उद्या आलात तरी चालंल.

भरमा : लहान घेतला तर व्हिडिओ कॉल लागंल?

माधवी : लागंल की. एका माणसाला भरपूर झालं.

भरमा : मग करून टाका.

माधवी : हितं सही करा. आणि हितं... झालं. आणि काका, उद्या कंपनीचा एक फोन येईल, सेवा कशी वाटली म्हणून. धा-पंधरा मिनिटं खातात, तेच तेच विचारत बसतात. तुम्हाला फोन नको म्हणून टाकू हितं?

भरमा : नको कशाला? येऊ दे की. मी घरातच असतोय.