कढीपत्त्याची सावली

कुमुद गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, त्या दिवशी फिनिक्समध्ये पारा सेहेचाळीसवर होता. दर उन्हाळ्यात ती आणि मधुकरराव अंगणातल्या तिच्या कढीपत्त्यावर सावलीचं कापड बांधत. यंदा झाड करपू लागलं, तेव्हा मधुकरराव कापड घ्यायला नर्सरीच्या रांगेत उभे राहिले. पुढे एक मराठी जोडपं होतं.

“नेपरव्हिलला थंडीत कढीपत्ता घरात घ्यायचो. इथे उन्हाळ्यात घेतला, तर काय चुकलं?”

“एसीच्या तोंडाशी ठेवलास, यतीन! शाल तेवढी पांघरायची राहिली.”

“रोज ताक तर घातलं.”

“म्हणूनच कार्पेटला वास मारतोय.”

“आणि बाहेरच्या झाडाचं कापड? टोक तू सोडलंस.”

“आईचा फोन होता, यार!”

“हो, आणि कापड शेजाऱ्याच्या पूलमध्ये!”

“काका, तुम्ही कसं बांधता हो?” तिनं मागे वळून मधुकररावांना विचारलं.

“मी शिडीवर चढतो. खाली टोक धरणारं माणूस ओरडत राहतं.”

“ओरडतं कोण? काकूच ना?”

“तीच.”

“बघ यतीन, पद्धतच आहे ती!”

मधुकरराव हसले. घरी येऊन त्यांनी शिडी लावली, कापड शिडीच्या पायाशी ठेवलं. ते अजून बांधायचं राहिलं आहे.