मोठ्या विमानाच्या नाकात काय बसवायचं

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, मैदानावर नेहमी भेटणारे सगळे सभासद, आणि 'आटप लवकर' असा चेहरा करून बसलेली आमची सत्कारमूर्ती आत्या,

गौरवाचं बोलण्याआधी एक दुरुस्ती करते. मागच्या सभेत मी म्हणाले होते, की मोठ्या विमानाला विजेची मोटर लावायला आत्याचा विरोध आहे. ते खरं नाही. तिने विरोध केलाच नव्हता. तिची हयात पेट्रोल इंजिनांत गेली, म्हणून मी तसं धरून चालले.

पाहुण्यांसाठी सांगते. आपल्यातल्या निम्म्या लोकांना रिमोटवरची विमानं उडवायला आत्याने शिकवलं. मला तर शाळेच्याही आधी, घरातल्या मागच्या खोलीत, डिंकाने बरबटलेल्या टेबलापाशी. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून ती शिकवणं थांबवते आहे. जाता जाता तीन मीटर पंखांचं एक विमान तिने माझ्या गळ्यात घातलंय. सगळं तयार, फक्त नाक रिकामं. आणि आपल्या क्लबाचा नियम असा, की नाकात मोटर बसवायची की इंजिन, हे जो निवडेल त्यानेच पहिलं उड्डाण करायचं, आणि दिवस सगळ्यांसमोर सांगायचा. माझी निवड इतकी का रेंगाळली, हे आता वेगळं सांगायला नको.

मी मोटर ठरवली होती. आवाज नाही, धूर नाही, हादऱ्यांनी स्क्रू ढिले होत नाहीत, हवेत मध्येच बंद पडायची धास्ती कमी. माझ्यासारख्या घाबरटाला आणखी काय हवं? आत्या नुसतं 'बरं' म्हणाली. आता तुम्हीच सांगा, आत्या वाद न घालता कधी 'बरं' म्हणते का?

मग एका सकाळी मैदानावर कुणीतरी मोटरचं विमान उडवत होतं. आत्या माझ्या शेजारी उभी राहून वर बघत होती, पण भलत्याच दिशेला. हळूच म्हणाली, "कुठे आहे गं?"

थोड्या वेळाने पेट्रोलचं विमान वर गेलं. तिची मान त्याच्याबरोबर अचूक वळत राहिली.

घरी आल्यावर मी म्हटलं, इंजिनच लावू. ती भडकली. "माझ्या कानांसाठी इंजिन निवडशील तर तुझे कान उपटीन. विमानाला काय हवं ते बघ."

म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मोटर आणि बॅटऱ्यांच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या नाकात ठेवल्या आणि दोघींनी पंखांखाली बोटं देऊन विमान उचललं. पिशव्या कितीही पुढे सरकवल्या तरी शेपूट खालीच. नाकच आखूड, तोल साधायला त्यात शिसं भरावं लागलं असतं. इंजिनाच्या वजनाची, त्याहून जड पिशवी ठेवली, तेव्हा कुठे ते सरळ राहिलं.

"शिसं बसून खातं," आत्या म्हणाली. "इंजिन निदान राबतं तरी."

तर इंजिन ठरलं, ते विमानासाठी. आत्या, थोडं तुझ्यासाठीही. भर सभेत खोटं कशाला बोलू?

भीती अजून आहे. पण हात शिकलेले आहेत, आणि ते कुणाकडून, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

क्लबाने मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर घरातली मुलगी समजून पोटात घाला. राहिला दिवस. आत्याला शेजारी उभं करून मी ते विमान उडवणार आहे येत्या रविवारी, चौदा तारखेला, सकाळी वारा उठायच्या आत.