ओढ्यात सोडलेले मासे

मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत गँगमन, आई रोज पंचशील म्हणायला लावायची, आणि त्यातलं पहिलं, जीव घ्यायचा नाही, ते मी ढेकणालासुद्धा लावायची, भाऊ हसायचे. लग्न होऊन साउथहॅम्प्टनला आले. आमचे हे बसड्रायव्हर. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट असेल, मला शोभेच्या माशांच्या फार्मवर काम लागलं. बागेतल्या तळ्यात सोडतात ते लाल-पिवळे मासे हो, बाहेरून यायचे, आम्ही बायका गार पाण्यात हात घालून दिवसभर निवडायचो.

तर काय सांगू तुम्हाला, त्यांच्यात दुसरेच यायचे, राखी, बोटाएवढे, कुणाला नको असलेले. फोरमन कीथ म्हणायचा, रबिश आहे, ब्लीचच्या बादलीत टाक. एकदा टाकले मी, ते तडफडले, मग माझा हातच उठेना. शेडमागे ओढा होता. टी-ब्रेकला गुपचूप बादली न्यायची, ओढ्यात ओतायची, सुखी राहा रे म्हणायची. चार वर्षं ओतली. त्या दिवशी जेवण गोड लागायचं, खोटं कशाला सांगू.

आता ह्यांचं ऐका. ह्यांना फिशिंगचा नाद. क्लबात हे एकटेच इंडियन, दोन वर्षं शेजारी कुणी बसायचं नाही, मग बसायला लागले, सँडविच वाटून खायला लागले. मासा धरायचा, बघायचा, परत पाण्यात सोडायचा, तिथली रीतच ती. टेंच जातीचा एक मोठा मासा होता, शेपूट फाटलेली, ह्यांनी चारदा धरला, नाव ठेवलं दादासाहेब. माझी नसेल एवढी चौकशी दादासाहेबांची.

मग क्लबाच्या तळ्यातले मासे कमी व्हायला लागले. एकदा हे जेवताना म्हणाले, अगं, ओढ्यातून बाहेरचे बारीक मासे आलेत, राखी, बोटाएवढे, आमच्या माशांची अंडीच खातात, ज्यानं सोडले त्याचे हात तोडले पाहिजेत. तो ओढा ह्यांच्या तळ्याला जातो, हे मला तेव्हा कळलं. त्याच हातांनी मी ह्यांना पोळी वाढली.

शेवटी ते मासे पुढे नदीत जाऊ नयेत म्हणून तळ्यात विष घालायचं ठरलं. म्हणजे सगळेच मरणार, तेही आणि ह्यांचेही. मेलेले गोळा करायला क्लबातले लोक गेले, ह्यांची पाठ दुखत होती म्हणून मीही गेले. तळंभर पांढरी पोटं. ह्यांनी शेपटीवरून दादासाहेब ओळखला आणि चिखलात बसून रडले, आई गेली तेव्हा रडले नव्हते. मला राहवलं नाही. अहो, म्हटलं, मी सोडले ते मासे, जीव वाचावा म्हणून. ह्यांनी दादासाहेब माझ्या हातात दिला, म्हणाले, टाक. कचऱ्याच्या स्किपमध्ये टाकला मी. आमच्या बाजूचे उरलेले सगळे मलाच उचलायला लावले, हे बसून बघत होते.

क्लबात हे काही बोलले नाहीत. मला वाटलं, दया आली. कसली दया हो!

बुद्धपौर्णिमेला आम्ही पंधरा-वीस कुटुंबं हॉल घेतो. तेव्हापासून दर वर्षी हे उठतात, हसत सगळ्यांना सांगतात, पंचशील आमच्या हिला म्हणू द्या, हिनं जन्मात मुंगी मारली नाही. लोक टाळ्या वाजवतात, बायका म्हणतात, भाग्यवान गं तू, किती कौतुक करतात. सात वर्षं झाली. मी हात जोडून पहिलं शील म्हणते, आणि हे पहिल्या रांगेतून माझ्या हातांकडे बघत असतात.

चालायचंच. तुमच्या लेकराबाळांचं भलं होवो. चहा गार झाला बघा तुमचा. येत्या रविवारीच आहे पौर्णिमेचा कार्यक्रम, या तुम्ही, मीच म्हणणार आहे.